आधी कौल, मग दवाखाना

आईबापांच्या श्रद्धेमुळे मुलाचे उपचार अडले तर कायद्याने काय करावं, हा प्रश्न निघाला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं. रुग्णालयाच्या खाटेवर मूल, शेजारी ठाम चेहऱ्याचे आईबाप आणि त्यांच्या तोंडी स्पष्ट नकार : आमच्या धर्मात दुसऱ्याचं रक्त चालत नाही, चढवू नका. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांबाबत असे खटले इंग्लंड-अमेरिकेत अनेक झाले. संगमेश्वर तालुक्यात हे चित्र शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. इथे डॉक्टरला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. इथे म्हणतात, "नेऊ की, पण आधी देवाला विचारू." मूल दगावतं ते या 'आधी'त. आपले कायदे मात्र कुणीतरी ठणकावून 'नाही' म्हणेल, किंवा म्हणायला कुणी जागेवरच नसेल, असं धरून लिहिलेले आहेत. उशीर त्यांच्या चिमटीत येत नाही.

देवरुख हे या तालुक्याचं ठाणं. तिथून सह्याद्रीच्या पायथ्याशी मारळला गेलं की मार्लेश्वराची गुहा लागते. आत शंकराचं स्थान, आणि कपारींतून मोकळे वावरणारे साप. ते भाविकांना इजा करत नाहीत अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. संक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी देवाचं लग्न लागतं आणि हजारो माणसं त्या अरुंद गुहेत वाकून दर्शन घेतात. पावसाळ्यात हेच साप भाताच्या खाचरात, गडग्याच्या फटीत, पडवीत रचून ठेवलेल्या लाकडांत भेटतात. देवाचा सोबती म्हणून ज्याला हात जोडले तोच डसला, तर ते देवाचंच काही सांगणं असेल असं वाटणं इथल्या माणसाला फार दूरचं नाही. शहरातून येऊन त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्या अडाणीपणाची घडण समजून न घेता केलेला कायदा मात्र कागदावरच राहतो, म्हणून आधी ती घडण पाहू.

रत्नागिरी जिल्हा आणि फुरसं यांचं वैर जुनं. १८६२ मध्ये इंग्रज सरकारने फुरशामागे बक्षीस लावलं तेव्हा अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, अशी त्या काळची नोंद आहे. हा साप लहान, जेमतेम वीत-दीड वीत. जांभ्याच्या कातळावर दगडाखाली बसलेला दिसतही नाही. त्याचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवतं. दंशानंतर माणूस लगेच कोसळत नाही. पाय सुजतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, आणि हे सगळं तासांच्या, कधी दिवसांच्या हिशेबाने चालतं. मण्यारीचं याच्या उलट. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला डसते, आणि दंश इतका हलका की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे मूल पोट दुखतं म्हणून रडतं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वास थांबतो. अंगावर सूज नाही, नीट दिसेल असा दातांचा व्रण नाही. रात्री चांगलं जेवून झोपलेलं पोर पहाटे डोळे उघडत नाही, तेव्हा त्या घराला बाधा, करणी, नजर यांपैकी काहीतरी सुचलं तर नवल ते काय?

मांत्रिकाचा उतारा लागू का पडतो, याचंही उत्तर सापांच्याच हिशेबात आहे. कोकणात माणसाला चावणाऱ्या सापांत धामण, दिवड, नानेटी, कवड्या असे बिनविषारी भरपूर. कवड्या तर मण्यारीसारखा दिसतो. शिवाय विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंशही असतो. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याने काहीही केलं नसतं तरी बरेच झाले असते. ते बरे झाले की यश मंत्राचं. जे मेले त्यांचं आयुष्य संपलं होतं, किंवा आणायला उशीर झाला होता. पडताळणीची ही पद्धत अशी पक्की आहे की मांत्रिक स्वतःही प्रामाणिकपणे फसू शकतो. सगळेच भगत लबाड असतात हे मला पटत नाही. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात एक पैसा घेतलेला नसतो, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला गावात वजन असतं.

आता कौल. गुरव देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर फुलं किंवा तांदूळ लावतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडचं पडलं तर एक उत्तर, डावीकडचं पडलं तर दुसरं. पालखी कधी काढायची, मान कुणाचा, जमिनीच्या भांडणात काय करायचं, असे कितीतरी प्रश्न गावांनी पिढ्यान्‌पिढ्या या मार्गाने मिटवले. दोन्ही पक्ष ज्याच्यापुढे माना तुकवतील असं एक तिसरं ठिकाण त्यांना त्यात मिळालं. मला या प्रथेची टवाळी करायची नाही. पण ज्या प्रश्नांसाठी ती घडली त्या प्रश्नांना घाई नव्हती. पालखीचा वाद आठ दिवस रखडला तर बिघडत नाही. मण्यारीच्या दंशानंतरचा एक तासही रखडून चालत नाही. आणि सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यात एक साधी चाचणी करतात : थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचनळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. पहिल्या चाचणीत गोठलं तरी ती पुन्हा पुन्हा करतात. हाही कौलच म्हणायचा, फक्त उत्तर चुकीचं आलं तर ते चुकीचं होतं हे पुढे कळतं.

या जागेवर कोकणातल्याच एका डॉक्टरचं नाव घ्यायला हवं. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाने तेव्हा मुलं मरत, आणि विंचू उतरवणारा गावोगावी असे. (एकनाथांनी विंचवाच्या भारुडात या उतरवण्याचं रूपक केलं आणि विकार उतरवायला सांगितले. खऱ्या विंचवाला तो उतारा कुणी लागू करावा अशी त्यांची अपेक्षा नसावी.) त्या काळात दवाखान्यात येणाऱ्यांची गत फार बरी होती असंही नाही. गंभीर विषबाधा झालेल्यांतले तीस-चाळीस टक्के दगावत, कारण डॉक्टरांकडेही नेमका उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिलं की विषाने हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर भयंकर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं, पुढे पद्मश्रीही मिळाली.

ही गोष्ट केवळ गौरवासाठी सांगत नाही. जोवर दवाखान्यात नेलेलंही मूल मरत होतं तोवर विंचू उतरवणाऱ्याकडे नेणाऱ्या बापाला कुठल्या तोंडाने दोष देणार? बापाची जबाबदारी उपायाच्या खात्रीबरोबर वाढते. ज्या आजारावर खात्रीचा उपाय आहे, तो जवळ आहे, फुकट आहे, आणि वेळेत दिला तर मूल वाचतं, तिथे 'आमची श्रद्धा' हे उत्तर अपुरं पडतं. उपाय नसेल, दूर असेल किंवा त्याचा भरवसा नसेल, तिथे कायद्याचा हातही आखडता हवा. माझ्या मते या सगळ्या वादाची मोजपट्टी हीच असावी. आईबाप किती धार्मिक आहेत हे मोजण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राकडे या बाबतीत देशातल्या बहुतेक राज्यांपेक्षा पुढचा कायदा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतलं एक कलम जणू कोकणासाठीच लिहिलेलं आहे. कुत्रा, साप, विंचू वगैरे चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, आणि कुत्र्याला या यादीत पहिलं स्थान मिळालं हे योग्यच. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, पण त्याआधी वेळेत लस घेतली तर तो तितकाच टाळता येतो.

पण कलमातला 'रोखून' हा भाग पाहा. मांत्रिक कोर्टात काय सांगेल? साहेब, मी कुणाला रोखलं नाही. ते स्वतः आले, मी पाणी मंतरून दिलं, दवाखान्यात जाऊ नका असं मी म्हणालो नाही. आणि हे खरंही असू शकतं. आपल्या गावांत मांत्रिक मुलाला पळवून आणत नाही. घरचेच त्याला खांद्यावर घालून नेतात. कायदा त्याच्यावर रोखलेला आहे, नेणाऱ्यांवर नाही. मेळघाटात तर कित्येकदा मांत्रिकाचीही गरज लागत नाही. तिथे बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला तर तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याचं उघड झालं आणि गुन्हा नोंदवला गेला. चटके देणारे हात बहुधा घरातलेच असतात, आणि ते बाळ वाचावं म्हणूनच देतात.

मग आईबापांबद्दल कायदा काय म्हणतो? संविधानापासून सुरुवात करू. कलम २५ ने दिलेलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. हे वाक्य कलमाच्या सुरुवातीलाच आहे, शेवटी तळटीप म्हणून नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २७ (जुन्या दंड संहितेचं ८९) बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण देतं. इथे मन शुद्ध असणं पुरत नाही. योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्टच सद्भावनेची, असं संहिता सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातल्या मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला अनावश्यक यातना होऊ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कायद्याचं कलम ९२ बाल कल्याण समितीला आजारी मुलाला योग्य त्या ठिकाणी उपचारासाठी ठेवण्याचा अधिकार देतं, पण ते दीर्घ उपचारांसाठी, पहाटे तीनच्या मण्यारीसाठी नाही.

आणि डॉक्टर? संहितेच्या कलम ३० (जुनं ९२) मध्ये एक उदाहरण आहे. मुलाला अपघात झालाय, तातडीने शस्त्रक्रिया केली नाही तर ते मरेल, पालकांना विचारायला वेळ नाही. मूल नको नको म्हणत असतानाही त्याच्या भल्यासाठी सर्जन शस्त्रक्रिया करतो, त्यात गुन्हा नाही. हे उदाहरण जुन्या दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळापासून चालत आलंय. पण नीट वाचा. संमती देऊ शकणारा पालक वेळेत उपलब्ध नसेल, तेव्हाचं हे संरक्षण आहे. पालक समोर उभा आहे आणि म्हणतोय, "डॉक्टर, आम्ही पोराला घेऊन जातो," तेव्हा काय करायचं याबद्दल हे कलम गप्प आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ही शांतता फार नीट ऐकू येते. बाहेर व्हरांड्यात वीस माणसं जमलेली असतात.

त्या शांततेतून निघालेला एक कागद आपल्या सगळ्या रुग्णालयांत असतो. 'डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आहे. आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत.' खाली सही किंवा अंगठा, साक्षीदार म्हणून एखादा काका. मोठ्या माणसाने स्वतःसाठी असा कागद लिहून दिला तर तो त्याचा हक्क आहे, मग कारण धर्म असो, पैसा असो की कंटाळा. पण सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत 'स्वतःच्या जबाबदारीवर' याला अर्थ काय? जबाबदारी बापाची, मरण मुलाचं. हा कागद डॉक्टरला नोकरीच्या चौकशीतून वाचवतो, बापाला प्रश्नांतून वाचवतो, आणि ज्याच्यासाठी तो केस पेपरला जोडलाय त्याचं त्यातून काहीच भलं होत नाही. शिवाय श्रद्धेचं खरं कारण कागदावर कधीच येत नाही. 'घरगुती अडचण' किंवा 'दुसऱ्या दवाखान्यात नेणार' असं लिहिलं जातं. मग पालकांच्या धार्मिक आक्षेपाची प्रकरणं आपल्याकडे फारशी नाहीतच, असं म्हणायला आपण मोकळे.

इंग्लंडने हा प्रश्न एकेकाळी शिक्षेच्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला. तिथे पिक्युलियर पीपल नावाचा पंथ होता. आजाऱ्याला तेल लावायचं, प्रार्थना करायची, डॉक्टर बोलवायचा नाही. १८६८ मध्ये अशाच एका जोडप्याची मूल दगावल्यावर निर्दोष सुटका झाली, आणि त्याच वर्षी संसदेने मुलांना वैद्यकीय मदत न देणं हा गुन्हा ठरवला. तीस वर्षांनी थॉमस सीनियर नावाच्या बापाचं तान्हं मूल न्यूमोनियाने गेलं. तो प्रेमळ बाप होता याबद्दल कुणाचा वाद नव्हता. तरी त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं. निकाल कायद्याने चोख असेल, पण बाळ गेलं ते गेलंच. पुढे इंग्लंडनेच दुसरी वाट धरली. मुलाला रक्त द्यायला पालक नकार देत असतील तर रुग्णालय थेट उच्च न्यायालयात जातं, रात्री-अपरात्री ड्युटीवरच्या न्यायाधीशाला फोन लावतं आणि काही तासांत आदेश मिळवतं. पालकांना तुरुंग नाही, त्यांचा मुलावरचा हक्क कायमचा काढून घेणं नाही. त्या एका उपचारापुरता निर्णय त्यांच्या हातून घ्यायचा.

अमेरिकेची गंमत वेगळी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४४ चा प्रिन्स खटला या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येतो. आईबापांनी श्रद्धेपायी स्वतः हुतात्मा व्हावं, पण मुलांना हुतात्मा करण्याचा अधिकार त्यांना नाही, असा त्याचा आशय. खटला मात्र औषधाचा नव्हताच. नऊ वर्षांच्या मुलीला रस्त्यावर धार्मिक मासिकं वाटायला लावल्याचा होता. तत्त्व इतकं उंच सांगितलेल्या त्या देशात १९७४ मध्ये केंद्र सरकारनेच राज्यांना, बालसंरक्षणाचा निधी हवा तर प्रार्थनेने उपचार करणाऱ्या पालकांना सूट द्या, अशी अट घातली. १९८३ मध्ये ती मागे घेतली, पण तोवर अनेक राज्यांच्या कायद्यांत सुटी शिरल्या होत्या आणि काही आजही आहेत.

आपण इंग्लंडची दुसरी वाट धरावी असं माझं मत आहे, आणि अडचणही लगेच दिसते. रत्नागिरी जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचखाली आला. आंबा घाट चढून गेलं की न्याय पूर्वीपेक्षा जवळ. तरीही पहाटे तीनला देवरुखच्या डॉक्टरने याचिका कुणाकडून लिहून घ्यायची? इंग्लंडचं तत्त्व घ्यावं आणि यंत्रणा आपली बसवावी. संहितेच्या कलम ३० ला एक वाक्य जोडता येईल : मुलाचा जीव धोक्यात असेल आणि मान्यताप्राप्त उपचाराने तो वाचण्याची दाट शक्यता असेल, तर पालकांचा नकार डॉक्टरच्या आड येणार नाही. हा निर्णय सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी लेखी करावा आणि चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे मांडावा. सर्पविषावरचं प्रतिविष, रेबीजची लस, रक्तस्रावात रक्त, इतपत स्पष्ट गोष्टींपासून सुरुवात करता येईल. जिथे डॉक्टरांतच मतभेद आहेत तिथे हे वाक्य लागू होऊ नये.

यावर उठणारा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, कारण तो आपल्याच इतिहासातून येतो. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सोल्जर घराघरांत घुसवले. माजघरं, देवघरं तुडवली गेली. रोग्याला उचलून नेलं की तो परत येत नाही ही भीती इतकी बसली की लोक आजारी पोरं लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. बळाने केलेला उपचार उपचारावरचा विश्वासच मारतो, हे त्या वर्षाने दाखवलं. त्याच वर्षी त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या मुलाला मुंढव्याहून पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव याच्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्या संसर्गाने १० मार्चला गेल्या. मुलाला घराबाहेर रँडनेही काढलं आणि सावित्रीबाईंनीही. फरक कुणी, कुठे आणि कशासाठी नेलं याचा होता. म्हणून आदेश डॉक्टरचा हवा आणि पोलीस व्हरांड्याच्या पायरीच्या वर येऊ नयेत. आणि मुलाजवळ आईला बसू द्यावं, गुरवाने देवाला नारळ ठेवायचाच असेल तर खुशाल ठेवू द्यावा. सलाईन चालू असताना घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही.

एक अवघड प्रकरण टाळून पुढे जाणं बरं नाही. मार्च २०२५ मध्ये इंदूरला मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला, मुंबईत शस्त्रक्रिया होऊनही प्रकृती ढासळल्यावर, पालकांनी जैन मुनींच्या सल्ल्याने संथारा म्हणजे आमरण उपवासाचं व्रत दिलं आणि ती थोड्याच वेळात गेली. पुढे याचिका झाली, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या. संथाऱ्याबद्दल प्रौढांपुरतं काहीही मत असो, तीन वर्षांचं मूल व्रत घेत नाही, ते त्याच्या नावाने घेतलं जातं. पण माझ्या मोजपट्टीने इथे निकाल सोपा नाही. खात्रीचा उपाय जवळ नव्हता. अशा मुलाला औषधांचा मारा थांबवून वेदना कमी करत शांतपणे जाऊ देणं वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मला खटकतं ते पुढचं : त्या मरणाचा विक्रम म्हणून गौरव झाला, प्रमाणपत्र दिलं गेलं. पालकांच्या दुःखावर फौजदारी लावण्यापेक्षा त्या प्रमाणपत्राची चौकशी मला जास्त निकडीची वाटते.

संगमेश्वराकडे परत येऊ. एखाद्या वाडीतून रस्त्यापर्यंत पावसाळ्यात डोली करावी लागत असेल, आरोग्य केंद्रात लस संपलेली असेल, डॉक्टरच्या खोलीला कुलूप असेल, तर 'आधी देवाला विचारू' म्हणणाऱ्याने फारसं काही गमावलेलं नसतं. देवाचं देऊळ वाडीतच असतं आणि ते उघडं असतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मेली, त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात. या सगळ्यांचा हिशेब श्रद्धेच्या खात्यावर टाकणं म्हणजे सरकारने स्वतःला माफी देणं. पालकांवर सक्ती करण्याचा अधिकार राज्याने आधी कमवावा लागतो. लस, रुग्णवाहिका आणि डॉक्टर ही त्याची किंमत.

धर्म या कामात विरुद्ध बाजूलाच उभा असतो असंही नाही. गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार हे देवाचं काम म्हणून सांगितलं. शेजारच्या चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय एका गुरुपरंपरेच्या भक्तीतून उभं राहिलं आणि रत्नागिरीच्या गावागावांतले रुग्ण तिथे जातात. देवस्थान समित्यांनी ठरवलं तर 'साप, विंचू, कुत्रा चावला तर कौल लावला जाणार नाही, थेट दवाखाना' असा फलक देवळाच्या खांबावर लावणं एका बैठकीचं काम आहे. कसब्यातल्या मशिदीतून, प्रार्थना करणाऱ्या पास्टरकडून हेच सांगितलं गेलं तर त्याचा उपयोग माझ्या या लेखाहून कितीतरी जास्त होईल. गुरवाने 'देव म्हणतोय आधी डॉक्टर' असा कौल दिला, तर तो मोडायची कुणाची छाती आहे?

आणि तो कागद. लहान मुलासाठी 'स्वतःच्या जबाबदारीवर' या फॉर्मवर एकट्या सहीने काम भागू नये. सही करण्याआधी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन, बाल कल्याण समितीच्या एका सदस्याचं पालकांशी बोलणं, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण, इतकं सक्तीचं करायला विधिमंडळाची गरज नाही, आरोग्य खात्याचं एक परिपत्रक पुरेल.

हे सगळं आईबापांविरुद्ध आहे असं वाटेल. पण या लेखात मी 'आईबाप' असं एकजीव लिहीत आलो, आणि कोकणातल्या घरात तसं ते सहसा नसतं. निर्णय आजा घेतो, भावकी घेते, मुंबईहून फोनवर चुलता घेतो. मुलाची आई बऱ्याचदा पहिल्या मिनिटापासून गाडी काढा म्हणत असते आणि तिचं ऐकायला कुणी थांबत नाही. कायद्याचा आदेश आला की त्या घरातला तंटा मिटतो. आज्याला देवापुढे सांगता येतं की मी नेलं नाही, सरकारने नेलं. बापाला भावकीत मान खाली घालावी लागत नाही. आणि त्या बाईला सासऱ्याचा शब्द न मोडता पोराच्या खाटेशी बसता येतं.